देवबागचं पाणी, तोंडवलीचा कोड

गौरजा सामंतला मालवणात दोन टोपणनावं होती. घरी तिची आत्या, जिला गावातला सगळा भरड भाग अक्का म्हणूनच ओळखायचा, तिला ‘संकासुर’ म्हणायची. दशावतारातला संकासुर वेद चोरतो, ही शंका काढून लोकांचा जीव खाते, एवढाच फरक. ऑफिसात मिहीर तिला ‘कस्टमवाली’ म्हणायचा, कारण तिच्या हाताखालून कुठलीच गोष्ट उघडून बघितल्याशिवाय पुढं जायची नाही. दोन्ही नावांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती की तिनं उघडून बघितल्यावर आत काय निघालं, ते नावं ठेवणाऱ्यांपैकी कोणीच वाचत नसे.

ही सवय तिला पुण्यात लागली. तिथं एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत ती प्रोग्राम लिहायची. आता प्रोग्राम लिहिणारी माणसं सगळं स्वतः लिहीत नाहीत. कोणीतरी, कुठल्यातरी देशात, काहीतरी लिहून जगासाठी उघडं ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात, आणि ती आपल्या कामात जोडून घेतात. पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून चौकशीही कोणी करत नाही. गौरजाच्या कंपनीत एकानं अशीच एक चिमूटभर लायब्ररी जोडली होती. तिचा मालक कुणाशी तरी भांडला आणि रागाच्या भरात त्यानं ती काढूनच टाकली. झालं, कंपनीची बिलं निघायची बंद झाली, तीही ऐन दिवाळीत. जोडणारा गृहस्थ तोवर बढती घेऊन दुसरीकडे गेला होता. लक्ष्मीपूजनाला गौरजा ऑफिसात बसून कुण्या परक्याचं चिमूटभर काम नव्यानं लिहीत होती. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत येणाऱ्या प्रत्येक कोडची ती कुळकथा विचारू लागली.

अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिन्याभरासाठी म्हणून मालवणला आली आणि राहिली. तिला पुणं सोडायला कारण हवं होतं, ते गुडघ्यानं दिलं. गुडघा बरा झाल्यावर दोघींनीही तो विषय काढला नाही.

बाजारात मिहीरच्या वडिलांचं कोकम-काजूचं दुकान होतं. त्याच्या माडीवर मिहीरनं कंपनी काढली होती, म्हणजे दोन टेबलं, एक पंखा, आणि खालून येणारा कोकमाच्या आगळाचा वास. देवबाग-तारकर्लीच्या होड्या आणि राहण्याच्या खोल्या पर्यटकांना फोनवरून आधीच घेता याव्यात, असं ॲप ते बनवत होते. मिहीर माणूस उमदा. त्याला सगळं पटकन व्हायला हवं असे, आणि पटकन झालेलं टिकलंही पाहिजे असं त्याला मनापासून वाटे.

आषाढात, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झोपलेल्या असताना, मिहीरला सुचलं की ॲपमध्ये भरती-सुकतीच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या, वेळा हव्यात. देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं वाळूचा पट्टा. सुकतीला होडी त्या पट्ट्यावर बसते आणि पर्यटक उन्हात. भरतीचं गणित करणारी लायब्ररी त्यानं स्वतःच अर्ध्या तासात शोधून काढली. हजारो लोकांनी तिला तारे दिले होते. गौरजानं ‘बघते’ म्हटलं. मिहीरला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता.

“सगळा जग वापरता तां,” तो म्हणाला. “तू एकटीच कित्याक कुरकुरतंस?”

ती कुरकुरत नव्हती, वाचत होती. तारा म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यानं ‘छान’ म्हणून केलेली खूण. लग्नाच्या आहेरावरून संसाराचा अंदाज घ्यावा तसं ते. तिनं तारे सोडून बाकीचं बघितलं. लायब्ररीला शेवटचा हात लागून दोन पावसाळे उलटले होते. लोकांनी लिहिलेल्या अडचणींचा ढीग पडला होता, आणि उत्तर म्हणून खाली दुसऱ्या अडलेल्या लोकांनी ‘माझंही तेच’ एवढंच लिहिलं होतं. कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट होत्या, पण त्यातल्या निम्म्या नापास. ज्या आकड्यांवर भरतीचं सगळं गणित उभं होतं, ते आणले कुठून आणि वापरायची मोकळीक आहे का, याबद्दल चकार शब्द नव्हता. आणि ही एक लायब्ररी घरात घ्यायची तर तिच्यामागून तिचे आते, मामे, चुलते असा मोठा गोतावळा आत येणार होता. त्यातले काही कोणाचे कोण, हे मालकालाही सांगता आलं नसतं, कारण मालक ‘कोणाला हवी असेल तर घ्या’ असं लिहून केव्हाच निघून गेला होता.

मग ती दुसऱ्या शोधू लागली. बऱ्याच बघितल्या. शेवटी एका रुक्ष नावाच्या, जेमतेम मूठभर तारे असलेल्या लायब्ररीपाशी ती थांबली, आणि वाचता वाचता चहा गार झाला तरी तिच्या लक्षात आलं नाही. कोड असा की वाचताना लिहिणाऱ्याचा स्वभाव कळावा. काय बदललं आणि का बदललं हे प्रत्येक वेळी लिहिलेलं. एका ठिकाणी तर ‘ही माझी चूक होती, आधीच्या दोन आवृत्त्या वापरू नका’ असं सरळ कबूल केलेलं. तक्रारींना उत्तरं दोन ओळींची, पण प्रत्येकीला. परवाना स्पष्ट. आकडे कुठून घेतले ते लिहिलेलं. मागून येणारा गोतावळा नाही. आणि वापरायच्या सूचनांमध्ये पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत: खाड्यांत आणि नद्यांच्या मुखांत हे गणित वापरू नये.

खोट एकच होती. सगळं काम एका माणसाचं होतं. तो उद्या आजारी पडला, कंटाळला, की लायब्ररी अनाथ.

हा माणूस कोण, हे कुठं लिहिलं नव्हतं. नुसती आद्याक्षरं. पण गौरजाला दोन गोष्टी खटकल्या. जुन्यातली जुनी टेस्ट ज्या बंदरांसाठी लिहिली होती त्यात लिस्बन होतं, मोंबासा होतं, आणि सगळ्यांच्या आधी तळाशील होतं. दुसरं म्हणजे दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटाला आठवडाभर हा माणूस गप्प होई. कोणाला उत्तर नाही, कोडला हात नाही. परदेशी माणूस सुट्टी घेतो तर ठरलेल्या तारखांना. ही सुट्टी दरवर्षी मागंपुढं सरकत होती. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणि मागच्या वर्षांच्या चतुर्थ्या फोनवर शोधून ताडून बघितलं. गणपती. हा गृहस्थ कोकणातला होता, आणि तळाशील म्हणजे पलीकडच्या तोंडवलीला लागूनच.

तिनं स्कूटर काढली आणि आचऱ्याच्या रस्त्यानं निघाली. तोंडवलीत ‘कॉम्प्युटरवालो’ असं विचारताच पहिल्याच माणसानं सुरूच्या बनाकडचं घर दाखवलं, आणि खोली हवी आहे का असंही विचारलं.

सर्वेश तळाशीलकर अंगणात बाथरूमचा नळ दुरुस्त करत होता. रत्नागिरीच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून तो घरी आला होता आणि घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढून पर्यटकांना देत होता. गौरजानं लायब्ररीचं नाव घेतल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. त्या नावानं त्याच्या दारात आजवर कोणी आलं नव्हतं.

“काही चुकलंय का?” त्यानं विचारलं.

तिनं नाही म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला. त्याची बायको किशोरी सरबत घेऊन आली, आणि नवऱ्याकडे खोलीसाठी नव्हे तर कॉम्प्युटरसाठी माणूस आलंय हे कळल्यावर तीही ऐकायला बसली. गौरजानं आपले प्रश्न काढले. तुम्ही थांबलात तर? तर थांबेल, तो म्हणाला. कोड बदलायची चावी आणखी कोणाकडे आहे? नाही. मग हे करता कशासाठी? त्यानं सांगितलं की सुरुवातीला खोल्यांत राहणारे सारखं विचारायचे, पाणी कधी चढणार, पोहायला कधी जायचं. उत्तरं देऊन कंटाळा आला म्हणून त्यानं गणित लिहिलं. ते जगाच्या हवाली केलं. पाहुणे अजूनही त्यालाच विचारतात, पण दूरच्या कुठल्या तरी बंदरातल्या माणसानं एकदा तक्रार लिहून पाठवली.

“तक्रार इली की माका बरा वाटता,” तो म्हणाला, आणि बोलता बोलता मालवणीवर कधी आला ते त्यालाही कळलं नाही. “म्हणजे कोणतरी वापरता.”

गावात मात्र हे कोणाला माहीत नव्हतं. त्याचे वडील सदानंद मास्तर ओसरीवर होते. ते म्हणाले, झील कॉम्प्युटरात कायतरी करता, पण फुकट. हे त्यांनी दुखणं सांगावं तशा आवाजात सांगितलं.

परत येईपर्यंत गौरजाचा निर्णय जवळपास झाला होता. इकडे अक्काचाही होत आला होता. पोरगी स्कूटर घेऊन तोंडवलीला एका पुरुषमाणसाला भेटायला गेली आणि हसऱ्या चेहऱ्यानं परतली, एवढं अक्काला पुरे होतं. तिनं, निवृत्त शिक्षिकाच ती, फोन लावायला सुरुवात केली. आचऱ्याची एक जुनी विद्यार्थिनी, तोंडवलीच्या शाळेतला एक शिक्षक, तिथं मुलगी दिलेली शेजारीण. दोन दिवसांत तिनं सर्वेशची अशी पारख केली की गौरजालाही हेवा वाटावा. घर स्वतःचं, बाप मास्तर, व्यसन नाही, आवाज चढवत नाही, गणपतीत भजनाला पेटी वाजवतो. रविवारी जेवताना तिनं हे सगळं गौरजापुढं मांडलं आणि आपल्याला माणूस पसंत असल्याचं जाहीर केलं.

“बायलपण बरी आसा तेची,” गौरजा म्हणाली. “सरबत बरा करता.”

अक्काचा घास हातातच राहिला. “आणि ह्यां तू माका आता सांगतंस?”

“तू इचारलंस खंय?”

चौकशी सगळी झाली होती. लग्न झालंय का, एवढं मात्र सगळ्यांनी गृहीत धरलं होतं: सांगणाऱ्यांनी झालंय म्हणून, विचारणारीनं नाही म्हणून. अक्का पुढचे दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली.

ऑफिसात गौरजानं अहवाल लिहिला. चांगला सविस्तर लिहिला. दोन्ही लायब्रऱ्यांची तुलना, टेस्टचे निकाल, परवान्याची बाजू, एकाच माणसाचा धोका आणि त्यावर उपाय, आणि सातव्या पानावर, सौम्य भाषेत, खाडीच्या मुखाशी हे गणित जसंच्या तसं लागू पडणार नाही ही बाब. मिहीरनं पहिलं पान उघडलं, एकाच माणसाचं काम आहे हे वाचलं आणि लॅपटॉप मिटला. असल्या एकट्यादुकट्याच्या भरवशावर धंदा होतो का, असं त्याचं म्हणणं. तारे किती कमी आहेत तेही त्यानं दाखवलं. गौरजानं सहज सांगितलं की माणूस तोंडवलीचा आहे, सदानंद मास्तरांचा मुलगा.

मिहीर सरळ होऊन बसला. “सदानंद मास्तरांचो झील? ते माझ्या बापाशीक शिकवक होते. मगे आधी सांगूक काय झाला होता?”

आणि लायब्ररी मंजूर झाली. वडिलांना खालून हाक मारून त्यानं बातमीही दिली. गौरजानं आपला अहवाल बंद केला. निकाल तिच्या बाजूनं लागला होता, पण तिनं मांडलेल्या एकाही मुद्द्यावर नाही. ह्या गोष्टीचा आनंद मानावा की काय, हे तिला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि मिहीर तिला घेऊन देवबागला बाबलीकडे गेला. बाबलीच्या दोन होड्या होत्या, आणि देवबागातले बाकीचे होडीवाले काय करायचं ते बाबलीनं काय केलं ते बघून ठरवत. कॉम्प्युटर पाण्याची वेळ सांगणार, हे त्यानं कौतुकानं ऐकून घेतलं. अमेरिकेतला की जपानातला, असं विचारलं. मिहीरनं मोठ्या अभिमानानं सांगितलं की आपलाच, तोंडवलीचा.

बाबलीचा चेहरा पडला. “तोंडवलीचो माणूस आमका देवबागच्या पाण्याचा सांगतलो?”

ज्या एका गोष्टीमुळं बाजारात लायब्ररी पास झाली होती, तिच्यामुळंच ती देवबागात नापास झाली. जपानच्या माणसावर बाबलीनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता, कारण जपानचा माणूस देवबागला होडीशर्यतीत हरवायला येत नाही, तोंडवलीचा येतो. गौरजानं टेस्टचं सांगून पाहिलं. बाबलीनं मान हलवली, पण ती ‘पुरे’ या अर्थानं. शेवटी मिहीरच्या भिडेखातर तो एक रिकामी फेरी मारायला तयार झाला.

फोन म्हणत होता की सुकती संपली, पाणी चढायला लागलंय. होडी संगमाशी पोचली आणि वाळूवर जाऊन बसली. पाणी अजून उतरतच होतं. मिहीरनं फोन हलवून बघितला. बाबलीला इतका आनंद झाला की पाणी येईपर्यंत त्यानं दोघांना आपल्या मेव्हण्याच्या लग्नाची हकिकत अगदी मानपानासकट सांगितली.

परतताना मिहीर चिडला होता. सदानंद मास्तरांच्या मुलाकडून ही अपेक्षा नव्हती, असं तो म्हणाला. गौरजानं गाडी थांबवून त्याला सातवं पान दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. पण तिलाही फार बरं वाटलं नाही. होडी अडकवणारं वाक्य सातव्या पानावर, आणि तेही ‘विचारात घ्यावे’ अशा शब्दांत लिहिणारं माणूस तीच होती. लायब्ररीच्या मालकानं ते पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं.

खुल्या दर्यावर सुकती संपते तेव्हा खाडीतून नदीचं पाणी बाहेर पडतच असतं, म्हणून मुखाशी सुकती उशिरा संपते. किती उशिरा, हे मोजायला हवं होतं. गौरजानं जेटीच्या खांबावर रंगानं खुणा केल्या आणि रोज पाण्याचा फोटो पाठवायचं काम बाबलीला लावलं. बाबली पाठवायचा. बहुतेक फोटोंत बाबली, मागं त्याची होडी, आणि कडेला खांबाचा थोडासा भाग असायचा. त्यातून तिनं जेवढं मिळालं तेवढं काढलं, बाकीच्यासाठी स्वतः चकरा मारल्या, आणि मुखाशी लागणारा उशीर हिशेबात धरणारी जोडणी लिहून सर्वेशच्या लायब्ररीकडे रीतसर पाठवली.

आता पारख करायची पाळी सर्वेशची होती. आणि त्यानं ती केली. मोजमाप कशावरून केलं? टेस्ट कुठं आहे? हे नाव असं का? अमुक दिवसांचे आकडे गायब का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘बाबली पाहुणचाराला गेला होता’ असं होतं, ते तिनं इंग्रजीत शक्य तितक्या शास्त्रीय शब्दांत लिहिलं. हे सगळं चारचौघांत, लायब्ररीच्या पानावर चाले, कारण पुढं येणाऱ्याला का-कसं हे वाचता आलं पाहिजे असा सर्वेशचा नियम. दोघांत स्कूटरवरून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. एकदा मालवणच्या बाजारात भेट झाली तेव्हा त्यानं सुरमईचा भाव विचारला, किशोरीनं अक्काची चौकशी केली, जोडणीचा शब्दही कोणी काढला नाही. घरी पोचेस्तोवर त्याच्याकडून आणखी तीन हरकती येऊन पडल्या होत्या.

पहिल्यांदा गौरजाला राग आला. मग लक्षात आलं की आजवर आपलं काम इतकं लक्ष देऊन कोणीच वाचलेलं नाही. तिनं सगळं दुरुस्त केलं. दिवाळीच्या तोंडावर जोडणी स्वीकारली गेली, आणि थोड्या दिवसांनी त्यानं तिलाही चावी देऊन टाकली. सांभाळणारे आता दोघं झाले. तिनं आपल्या अहवालात ‘एकाच माणसाचा धोका’ ही ओळ खोडली. अहवाल अर्थातच त्यानंतरही कोणी उघडला नाही.

सीझन बरा गेला. होड्या वेळेवर सुटत होत्या. मिहीरनं जाहिरातीत ‘आपल्या मातीतलं तंत्रज्ञान’ असं छापलं. बाबलीही ॲप वापरू लागला, पण त्याच्या पद्धतीनं. तो आधी पाण्याकडे बघून काय ते ठरवायचा आणि मग पर्यटकांना फोन दाखवायचा, कारण पर्यटकांचा त्याच्यापेक्षा फोनवर विश्वास जास्त. फोन वेगळं काही म्हणाला तर रेंज नाही म्हणून सांगायचा.

शिमगा उलटल्यावर सर्वेशचा फोन आला, घरी येऊन जा म्हणून. गौरजा गेली. किशोरी कपाटं आवरत होती आणि खोल्यांना कुलपं होती. बंदरांची कामं करणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीनं सर्वेशला नोकरी देऊ केली होती, सिंगापूरला. ही कंपनी बरीच वर्षं त्याची लायब्ररी वापरत होती, हे त्यालाही आताच कळलं होतं. त्यांच्याकडेही कोणी गौरजासारखं असावं. त्यानं लायब्ररीची तपासणी केली, सगळं उत्तम असल्याचं लिहिलं, आणि एकच धोका दाखवला होता: सगळी मदार एका माणसावर आहे. तपासणी झाली तेव्हा गौरजा अजून आली नव्हती. वरच्यांनी तो धोका गंभीरपणे घेतला आणि त्यावर उपाय म्हणून तो एक माणूसच उचलला. नेमणुकीच्या अटींत नोकरीत असताना बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही, फुकटचंसुद्धा नाही, असं होतं.

“म्हणजे ही लायब्ररीपण नाय?” गौरजानं विचारलं.

“ही तर आधी नाय. मी वकिलाक इचारलंय.”

“आणि ते वापरतले?”

“वापरतले ना. तां फुकट आसा.”

तिला हसू आलं, आणि त्यालाही, पण त्याचं लवकर थांबलं. ओसरीवर सदानंद मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की झिलानं कॉम्प्युटरात केलेल्या कामाची परदेशी माणसांना किंमत कळली. त्यांचा आनंद खरा होता आणि तो मोडायची कोणाची इच्छा नव्हती. सर्वेश मात्र गौरजाला घेऊन अंगणात आला. मग त्यानं विचारलं, ‘सांभाळशील मां?’ गौरजानं मान हलवली. शब्दांत हो म्हटलं असतं तर काहीतरी शंका काढावी लागली असती.

सांभाळायला लागल्यावर तिला कळलं की तक्रार आली की बरं वाटतं, हे सर्वेशचं म्हणणं पहिल्या दहाबारा तक्रारींपुरतं खरं असतं. कोणी घाई करायचं, कोणी उपकार केल्यासारखं लिहायचं. सिंगापूरच्या त्या कंपनीतून तर एक लांबलचक प्रश्नावली आली: सांभाळणारी व्यक्ती कोण, तिची पात्रता काय, ती उपलब्ध नसेल तर काय. तिनं खरी उत्तरं लिहिली, आणि शेवटच्या प्रश्नापुढं ‘तर थांबेल’ असं लिहिताना तिला आपलंच वाईट वाटलं. आपल्या अहवालातली खोडलेली ओळ तिनं परत घातली. ही लायब्ररी आता आपण वापरणं धोक्याचं आहे, असं तिनं मिहीरला सरळ सांगितलं. मिहीरला ते समजेचना.

“धोको कसलो?” तो म्हणाला. “तू आसस मां?”

दुसरं माणूस हवं होतं. आणि ते आपणहून आलंही. केरळातल्या एका मासेमारी बंदरावर हवामानाचं काम बघणारी एक बाई बरेच महिने लायब्ररीत बारीकसारीक दुरुस्त्या पाठवत होती. सगळ्या बरोबर, सगळ्या टेस्टसकट, नम्र शब्दांत. एके दिवशी तिनं विचारलं की सांभाळायला मदत करू का. गौरजाला आनंद व्हायला हवा होता. तिला धडकी भरली. गोड बोलून, वर्षानुवर्षं चोख मदत करून, चावी हातात येताच चोरवाट खोदणाऱ्या भामट्यांच्या गोष्टी तिच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. हिचं काम इतकं चोख होतं की तीच शंका येत होती. गौरजानं तिची प्रत्येक दुरुस्ती पुन्हा वाचली, तिची इतर ठिकाणची कामं काढून वाचली, आणि खोट सापडेना म्हणून आणखी वाचत बसली. अक्का पडवीत पापड वाळत घालत हे बघत होती. काय चाललंय आणि काय सापडत नाहीये, ते तिनं विचारून घेतलं.

“तुका काय गावाक व्हया?” ती म्हणाली. “बरा गावला तरी तू थांबाची नाय.”

गौरजानं त्या बाईला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे स्वयंपाकघर दिसलं, कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी पोर रडत होतं. दोघी इंग्रजीत अडखळत बोलल्या. गौरजा प्रश्न विचारायच्या आतच त्या बाईनं विचारलं की तू कोण, आधीचा माणूस अचानक कुठं गेला, आणि ही लायब्ररी खरंच तुझ्याकडे नीट आलीय हे मी कशावरून समजू. गौरजाकडे याला पुरावा नव्हता. तिनं तोंडवलीचं घर, नळ दुरुस्त करणारा माणूस, ओसरीवरचे मास्तर, सगळं सांगितलं. ती बाई ऐकत राहिली. तिनं विश्वास ठेवला की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

कॉल संपला. खाली स्वयंपाकघरात अक्का पाट मांडून जेवायला हाका मारत होती. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि जे तपासता येत नव्हतं ते तसंच शिल्लक होतं. तिनं चावी देणारं बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेली. जेवणात तिचं लक्ष नव्हतं, सोलकढी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईनं आपल्या चावीनं पहिली दुरुस्ती केली होती. गौरजानंच लिहिलेल्या सूचनांत, देवबागच्या उताऱ्यात, एका इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. गौरजानं ती दुरुस्ती उघडली, वर-खाली तीनदा वाचली, शब्दकोशात बघितलं. बरोबर होती. मग ती स्कूटर काढून ऑफिसला गेली.